पिवळा चकाकणारा दगड सोन्याचा की पायराइटचा, हे घरीच कसे तपासावे

गेल्या दिवाळीत भाच्याने सहलीवरून सुपारीएवढा पिवळा, चकाकणारा दगड आणला आणि तो इंदूरच्या सराफ्यात दाखवावा असा घरात आग्रह सुरू झाला. मालव्याच्या काळ्या बेसाल्टची सवय असलेल्या डोळ्यांना असा दगड सोन्याचाच वाटतो. परंतु बाजारात जाण्यापूर्वी तो घरी तपासता येतो.

प्रथम भिंगातून पाहावे. पायराइट हे लोह आणि गंधक यांचे संयुग असून त्याचे स्फटिक पुष्कळदा घनाकृती असतात व त्यांच्या पृष्ठांवर बारीक समांतर रेघा दिसतात. सोन्याचे कण वेडेवाकडे असतात आणि त्यांचा पिवळेपणा सावलीतही टिकतो.

मला सर्वांत भरवशाची वाटते ती रेघेची परीक्षा. चिनीमातीच्या पांढऱ्या कपाच्या बुडाशी जी खरखरीत, बिनझिलईची कडा असते, तिच्यावर दगड दाबून घासावा. पायराइटची रेघ हिरवट काळी उमटते, सोन्याची पिवळीच. सराफाचा सोने घासून पाहण्याचा कसोटीचा दगड स्वतःच काळा असल्याने पायराइटची रेघ त्याच्यावर उठून दिसत नाही, म्हणून येथे कपच बरा. पुढे सुई टोचावी: मोह्स श्रेणीवर (1 सर्वांत मऊ, 10 सर्वांत कठीण) सोन्याची कठिणता 2.5 ते 3 असल्याने खळगा पडतो, तर पायराइटची 6 ते 6.5 असल्याने सुई घसरते. हातोडीखाली सोने चपटे होते, पायराइटचा चुरा होतो. दगड भाजून मात्र पाहू नये, कारण सल्फर डायऑक्साइडचा घातक धूर निघतो.

काळी रेघ उमटली म्हणून सोन्याचा विषय तेथेच संपत नाही. जमिनीखालचे गरम पाणी गंधकाच्या साहाय्याने सोने विरघळवून वाहून नेते; ते गंधक खडकातील लोहाशी संयोग पावून पायराइट तयार झाले की पाण्यातील सोने खाली बसते. त्यामुळे कर्नाटकातील हट्टीच्या सोन्याच्या शिरांतही पायराइट आढळते, आणि अमेरिकेच्या नेवाडातील कार्लिन येथे तर डोळ्यांना न दिसणारे सोने पायराइटच्या आतच असते. तरीही बहुतेक पायराइटमध्ये काढण्याजोगे सोने नसते. त्याचा निर्णय प्रयोगशाळेतील रासायनिक परीक्षणच देऊ शकते.

भाच्याच्या दगडाची रेघ हिरवट काळी उमटली. दमट हवेत पायराइट हळूहळू भुसभुशीत होऊन आम्ल सोडते, म्हणून तो आता कोरड्या डबीत, इतर दगडांपासून वेगळा ठेवला आहे.