कंटेंटफुलमधून सॅनिटीमध्ये: मराठी संकेतस्थळाचा मजकूर सुखरूप कसा हलवावा

हेडलेस सीएमएस (मजकूर व्यवस्थापनाची प्रणाली) मजकूर साठवतो आणि एपीआयद्वारे, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला माहिती देणाऱ्या जोडणीद्वारे, पुरवतो. तो पडद्यावर कसा दिसावा, हे काम पुढच्या बाजूच्या कोडचे असते. त्यामुळे एक हेडलेस सीएमएस सोडून दुसरा घेताना वाचकाला दिसणाऱ्या संकेतस्थळाला हात लावावा लागत नाही, असा समज आढळतो. तो निम्माच खरा आहे. पुढच्या बाजूचा कोड जुन्या प्रणालीतील फील्डची नावे, मजकुराची रचना आणि एन्ट्रींचे (साठवलेल्या नोंदींचे) परस्परसंबंध गृहीत धरूनच लिहिलेला असतो, आणि स्थलांतरात नेमक्या याच तीन गोष्टी बदलतात.

या लेखात लातूर किंवा परभणीहून चालणारे एक शेतीविषयक संकेतस्थळ उदाहरणादाखल घेतले आहे. त्यावर मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांची पाने, पीक सल्ला, बाजार समित्यांचे भाव, योजनांच्या अर्जांच्या पीडीएफ आणि तालुका प्रतिनिधींनी पाठवलेल्या बातम्या आहेत, असे धरावे. मजकूर कंटेंटफुल या हेडलेस सीएमएसमध्ये आहे आणि तो सॅनिटी या दुसऱ्या हेडलेस सीएमएसमध्ये न्यायचा आहे. सॅनिटीऐवजी स्ट्रॅपी किंवा डायरेक्टस ही प्रणाली निवडल्यास आज्ञा बदलतील, कामाचा क्रम मात्र फारसा बदलणार नाही.

एक नियम आरंभीच ठरवून घ्यावा. स्थलांतराची स्क्रिप्ट अशी लिहावी की ती रिकाम्या डेटासेटवर (सॅनिटीतील मजकुराच्या साठ्यावर) कितीही वेळा चालवली तरी दर वेळी तोच निकाल मिळेल. आयात झाल्यावर एखाद्या लेखात चूक दिसली, तर ती नव्या प्रणालीत हाताने दुरुस्त करू नये. स्क्रिप्टमध्ये दुरुस्ती करून संपूर्ण आयात पुन्हा चालवावी. हाताने केलेली दुरुस्ती पुढच्या फेरीत पुसली जाते, आणि फेऱ्या तर अनेक होणारच असतात. शिवाय आज्ञा कार्यालयातल्या लॅपटॉपवरून न देता सर्व्हरवर, जोडणी तुटली तरी चालू राहणाऱ्या सत्रात द्याव्यात, म्हणजे वीज गेली किंवा नेट तुटले तरी काम अर्ध्यावर अडत नाही.

आधी कागदावर

जुन्या प्रणालीतील प्रत्येक कंटेंट टाइप (मजकुराचा प्रकार), त्यातील प्रत्येक फील्ड आणि ते किती एन्ट्रींमध्ये भरलेले आहे, याचा तक्ता करावा. वर्षानुवर्षे चाललेल्या संकेतस्थळावर कोणीतरी हौसेने जोडलेली आणि नंतर कोणीच न भरलेली फील्ड हमखास सापडतात; ती नव्या स्कीमात (मजकुराच्या आराखड्यात) नेऊ नयेत. नवा स्कीमा लिहिताना जुन्याची हुबेहूब नक्कल करण्याचा मोह होतो, परंतु जुन्या रचनेतील अडचणी सोबत नेल्या तर इतका खटाटोप करून हाती काही लागत नाही.

जिल्ह्यांचे उदाहरण पाहावे. २०२३ साली औरंगाबाद आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव अशी झाली. जिल्हा ही स्वतंत्र एन्ट्री असेल आणि लेख तिच्याकडे फक्त निर्देश करीत असतील, तर एका ठिकाणी नाव बदलले की सर्वत्र बदलते. पण अनेक संकेतस्थळांवर जिल्ह्याचे नाव प्रत्येक लेखात साध्या मजकुराच्या फील्डमध्ये लिहिलेले असते. तेथे ‘उस्मानाबाद’, ‘धाराशिव’ आणि ‘धाराशिव (उस्मानाबाद)’ असे तीन वेगळे जिल्हे तयार झालेले दिसतात. अशा नावांचा एक जोडतक्ता करून स्क्रिप्टने ती सर्व एकाच एन्ट्रीकडे वळवावीत. मात्र २०१९ सालच्या लेखाच्या मजकुरातील ‘उस्मानाबाद’ हा शब्द बदलू नये. वर्गीकरण आजचे असावे, मजकूर ज्या दिवशी लिहिला त्या दिवसाचाच राहावा.

रोजचे बाजारभाव सीएमएसमध्ये ठेवावेत का, याचाही निर्णय याच टप्प्यावर घ्यावा. माझ्या मते ठेवू नयेत. समिती, शेतमाल, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर ही सरळ डेटाबेसच्या तक्त्यातील नोंद आहे. तिला संपादकीय मसुदा, पूर्वदृश्य आणि आवृत्त्यांचा इतिहास लागत नाही.

निर्यात

कंटेंटफुलच्या कमांड लाइन साधनाने संपूर्ण स्पेस (संकेतस्थळाचा सगळा साठा) एका जेसन (JSON) स्वरूपाच्या फाइलमध्ये उतरवता येते. येथे दोन पर्यायांकडे विशेष लक्ष द्यावे. निर्यातीत मूळ सेटिंगनुसार फक्त प्रकाशित एन्ट्री येतात, मसुदे हवे असतील तर तसा पर्याय स्वतंत्रपणे द्यावा लागतो. आणि चित्रे व पीडीएफ यांचे केवळ पत्ते मिळतात, प्रत्यक्ष फाइली उतरवण्यासाठीही वेगळा पर्याय द्यावा लागतो. प्रत्येक फील्डमधील मूल्य भाषेच्या संकेतांकाखाली साठवलेले असते. संकेतस्थळ एकाच भाषेत असले तरी ही पायरी उलगडावीच लागते, आणि ‘मराठी’ऐवजी मूळ भाषा ‘अमेरिकन इंग्रजी’ अशीच ठेवून सगळा मराठी मजकूर तिच्याखाली भरलेला असण्याचा प्रकारही दिसतो.

निर्यात झालेली फाइल जशीच्या तशी जपून ठेवावी आणि सर्व रूपांतर तिच्या प्रतीवर करावे.

मजकुराचे रूपांतर

सर्वाधिक वेळ येथे जातो. कंटेंटफुलमधील रिच टेक्स्ट, म्हणजे मांडणीसह साठवलेला मजकूर, हे फांद्यांसारखे रचलेले जेसन असते: दस्तऐवजात परिच्छेद, परिच्छेदात मजकूर, यादीत यादीतील घटक आणि त्या घटकात पुन्हा परिच्छेद. सॅनिटीचे पोर्टेबल टेक्स्ट, म्हणजे तिकडची तशीच पद्धत, हे मुख्यतः सपाट असते. तेथे यादीतील प्रत्येक घटक स्वतंत्र ब्लॉक असतो आणि तो कितव्या पातळीवर आहे हे एका आकड्याने सांगितले जाते. त्यामुळे यादीत यादी असलेले लेख, म्हणजे ‘बीजप्रक्रिया’ या मुद्द्याखाली बुरशीनाशक, कीटकनाशक आणि जिवाणू संवर्धक अशी पोटयादी असलेला पीक सल्ला, रूपांतराच्या पहिल्या चाचणीसाठी निवडावेत. लिंकची माहितीही मजकुरात न राहता ब्लॉकच्या शेवटी वेगळ्या यादीत जाते, आणि प्रत्येक घटकाला स्वतःची किल्ली (ओळखीचा संकेत) द्यावी लागते. ही किल्ली यादृच्छिक न देता एन्ट्रीची ओळख आणि घटकाचे स्थान यांवरून तयार करावी, म्हणजे दोन फेऱ्यांचे निकाल एकमेकांशी ताडून पाहता येतात.

कंटेंटफुलच्या रिच टेक्स्टमध्ये तक्त्याची सोय आहे, पोर्टेबल टेक्स्टमध्ये मुळात नाही. ‘एमएयूएस ७१’ आणि ‘एमएयूएस ६१२’ या सोयाबीन वाणांची तुलना करणारा तक्ता असेल, तर त्यासाठी स्कीमात स्वतंत्र प्रकार लिहावा लागतो. आपल्या रूपांतर करणाऱ्या कोडला अनोळखी घटक भेटला, तर त्याने तो गुपचूप गाळू नये. एन्ट्रीची ओळख छापून थांबावे. गाळलेला तक्ता कोणाच्या लक्षात येत नाही, थांबलेली स्क्रिप्ट येते.

यापुढची अडचण खास मराठीची आहे आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत तिचा उल्लेख सहसा सापडत नाही. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या प्रमाणित संकेतपद्धतीत, किमान दोन प्रकारे टंकलेला असतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, त्यानंतर हलन्त आणि ‘य’ असतो. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त, एक अदृश्य जोडवर्ण आणि मग ‘य’ असतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ते वेगळे शब्द आहेत. शोधपेटीत एक प्रकार टाकला की दुसऱ्या प्रकारचे लेख सापडत नाहीत. याहून वाईट म्हणजे मजकूर स्वच्छ करणारा तयार कोड अदृश्य वर्ण निरुपयोगी समजून काढून टाकतो. मग दुसऱ्या प्रकारातील ‘शेतकऱ्यांना’चे ‘शेतकर्यांना’ होते आणि ‘कुऱ्हाडी’चे ‘कुर्हाड’.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडवर्ण हे त्रिकूट शोधून त्याजागी ‘ऱ’ आणि हलन्त घालावा. त्यानंतर सर्व मजकूर युनिकोडच्या एनएफसी या ठरावीक, एकसारख्या रूपात आणावा. आणि सरसकट अदृश्य वर्ण काढणारी कोणतीही पायरी ठेवू नये. हाच संस्कार शीर्षके, वर्गांची नावे आणि शोधपेटीत वाचकाने टाकलेला शब्द यांच्यावरही करावा. फक्त एन्ट्रींच्या ओळखी आणि जुने पत्ते यांना हात लावू नये.

जुन्या काळी श्रीलिपी या टंकप्रणालीत टंकून चिकटवलेला मजकूर असेल, तर तो युनिकोड नसल्याने रोमन अक्षरांच्या गाळासारखा दिसतो. ज्या एन्ट्रीच्या मुख्य मजकुरात देवनागरी अक्षरे जवळजवळ नाहीत, अशा सर्व एन्ट्रींची यादी स्क्रिप्टने काढावी, आणि योग्य परिवर्तकाने त्यांचे रूपांतर करून ते उपसंपादकाकडून वाचून घ्यावे.

तारखा हा लहान पण फसवा मुद्दा आहे. प्रणालीत वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार असते आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. १ जूनला पहाटे साडेचार वाजता प्रकाशित झालेली बातमी साठवणीत ३१ मे म्हणून नोंदलेली असते. पत्त्यात तारीख असेल तर लिंकच तुटते. प्रकाशनाची तारीख स्वतःच्या वेगळ्या फील्डमध्ये ठेवावी, सीएमएसच्या निर्मितीवेळेवर विसंबू नये.

चित्रे आणि पीडीएफ

सॅनिटीच्या आयातीत चित्राचा पत्ता विशिष्ट पद्धतीने दिला, तर ते उतरवून चढवण्याचे काम प्रणाली स्वतः करते, आणि तीच फाइल दोनदा आली तरी एकदाच साठवली जाते. चित्रांबाबत एवढे पुरेसे आहे. पीडीएफची गोष्ट वेगळी. योजनेच्या अर्जाची लिंक गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत फिरत असते, आणि ती बहुधा आपल्या डोमेनची नसून कंटेंटफुलच्या फाइल सर्व्हरची असते. परक्या डोमेनवरून वाचकाला नव्या पत्त्याकडे वळवणे आपल्या हातात नाही. जुने खाते बंद झाले की ती लिंक मेली. नव्या रचनेत अशा फाइली आपल्याच डोमेनवरील पत्त्यावरून द्याव्यात, म्हणजे पुन्हा कधी प्रणाली बदलली तरी पत्ता आपल्या हाती राहील.

आयात

कंटेंटफुलमधील एन्ट्रीची ओळख सॅनिटीमध्ये दस्तऐवजाची ओळख म्हणून जशीच्या तशी वापरता येते, आणि तशीच वापरावी. त्यामुळे परस्परनिर्देश आपोआप जुळतात आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवल्यावर दुहेरी नोंदी होत नाहीत. स्वतःची ओळख तयार करायची असल्यास तिच्यात टिंब येऊ देऊ नये. टिंब असलेला दस्तऐवज टोकनशिवाय (प्रवेशाच्या गुप्त संकेताशिवाय) वाचता येत नाही, आणि ‘एन्ट्री आहे पण संकेतस्थळावर दिसत नाही’ या कोड्यात विनाकारण अडकायला होते. रूपांतरित दस्तऐवज ओळीला एक याप्रमाणे एनडीजेसन (दर ओळीत एक जेसन) फाइलमध्ये लिहून डेटासेट आयातीची आज्ञा द्यावी. लेख आधी की लेखक आधी, हा निर्देशांचा क्रम आयातीचे साधन स्वतः सांभाळते. एपीआयवर एकेक विनंती पाठवणारा मार्ग निवडल्यास मात्र दोन फेऱ्या कराव्यात, पहिलीत निर्देशांशिवाय एन्ट्री आणि दुसरीत निर्देश. तसेच ४२९ (फार जास्त विनंत्या) हे उत्तर आले की दर वेळी थोडे अधिक थांबून पुन्हा प्रयत्न करण्याची व्यवस्था ठेवावी.

पत्ते आणि पडताळणी

स्थलांतरासोबत पत्त्यांची रचना बदलू नये. ते काम करायचेच असेल तर नंतर, वेगळे करावे. जे पत्ते बदलणे भाग आहे त्यांना ३०१ हे कायमचे वळण द्यावे आणि ते किमान वर्षभर ठेवावे, असे गूगलही सुचवते. पत्त्यात देवनागरी असेल तर प्रत्येक अक्षरचिन्हाचे परसेंट एन्कोडिंगमध्ये नऊ वर्ण होतात, आणि काही ठिकाणी त्यातील रोमन अक्षरे मोठ्या लिपीत तर काही ठिकाणी लहान लिपीत येतात. वळणाचे नियम दोन्ही रूपांसाठी तपासावेत.

पडताळणीत नुसती संख्या जुळणे पुरेसे नाही. दोन्ही प्रणालींतून प्रत्येक लेखाचा साधा मजकूर काढून, वर सांगितलेला युनिकोडचा संस्कार दोन्हींवर करून, शब्दशः तुलना करावी. हरवलेले निर्देश शोधणारी एक क्वेरी सॅनिटीच्या ग्रॉक (GROQ) या शोधभाषेत लिहून ठेवावी. सर्वांत जुना, सर्वांत लांब आणि सर्वाधिक तक्ते असलेला लेख मात्र डोळ्यांनी वाचावा. एका तालुका प्रतिनिधीला नवा स्टुडिओ (सॅनिटीचा संपादनाचा पडदा) मोबाइलवर उघडून त्यात बातमी भरायला सांगावे. पुण्या-मुंबईच्या विकासकाने मोठ्या पडद्यावर पाहिलेला स्टुडिओ आणि औंढा नागनाथच्या बसस्थानकावर उघडलेला स्टुडिओ यांत बराच फरक असतो.

बदलाचा दिवस पंचांगापेक्षा पीकपाणी पाहून निवडावा. जूनमधील पेरणी, जुलैतील पीक विम्याची धावपळ आणि १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन हे दिवस टाळावेत, मार्च-एप्रिल बरा. त्या दिवशी जुन्या प्रणालीतील लेखनाचे अधिकार काढावेत, अखेरची निर्यात घ्यावी, पूर्ण आयात चालवावी, पडताळणी करावी आणि मगच पुढच्या बाजूचे टोकन व वेबहुक (मजकूर बदलल्याची सूचना देणारी जोडणी) बदलावेत. ऐनवेळी मागे फिरावे लागलेच तर टोकन पूर्ववत करणे एवढेच काम उरावे, अशी मांडणी आधीच करून ठेवावी.

त्यानंतर काही आठवडे सर्व्हरच्या नोंदीतील ४०४ (पान सापडले नाही) रोज पाहावेत आणि गहाळ वळणे भरावीत. जुन्या खात्याचे लेखनाचे टोकन लगेच रद्द करावे, मात्र खाते घाईने बंद करू नये. जुन्या सर्व्हरवरील पीडीएफची मागणी कितपत उरली आहे हे त्या खात्यातील वापराच्या आकड्यांवरून पाहून, अर्जांची मुदत उलटल्यावरच ते बंद करावे.