अथेन्स विरुद्ध स्पार्टा: स्ट्रॅटेजी गेमचा सिनॅरिओ बांधताना या चुका टाळा

अथेन्स आणि स्पार्टा या ग्रीक नगरराज्यांमधल्या, इ. स. पूर्व ४३१ ते ४०४ या काळातल्या पेलोपोनेशियन युद्धावर सिनॅरिओ (गेमचा नकाशा, बाजू आणि नियम) बांधायला घेतला की पहिल्या टेस्टला बहुतेक एकच गोष्ट घडते. स्पार्टाची फौज सरळ अथेन्सवर चालून जाते, वेढा घालते आणि तिसऱ्या-चौथ्या चालीत खेळ आटोपतो. मग आपण अथेन्सच्या तटबंदीचे आकडे वाढवतो. पुढच्या टेस्टला दोन्ही बाजू चाळीस चाली नुसत्या एकमेकांकडे बघत बसतात.

आकड्यांशी कितीही खेळलं तरी हे सुटत नाही, कारण आपण आखाड्यात एकाच वजनाचे दोन पैलवान उतरवलेले असतात. हे युद्ध गजेंद्र आणि मगरीच्या झुंजीसारखं होतं. स्पार्टाचं बळ जमिनीवर, अथेन्सचं पाण्यात. दोघांपैकी कोणीही समोरच्याच्या हद्दीत शिरून सहज जिंकू शकत नव्हतं. सिनॅरिओतला प्रत्येक नियम या एका गोष्टीला धरून बेतला पाहिजे. पुढचं प्रत्येक उपशीर्षक म्हणजे नेहमी होणारी एक चूक.

वेढा पडताच अथेन्स उपाशी मरतं

बऱ्याच गेममध्ये शहराभोवतालची नकाशावरची घरं (पटावरच्यासारखे चौकोन किंवा षटकोन) शत्रूच्या ताब्यात गेली की रसद तुटते. अथेन्सपुरता हा नियम बंद करा. शहरापासून पायरियस बंदरापर्यंत सुमारे सहा किलोमीटरच्या लांब भिंती होत्या आणि धान्य समुद्रमार्गे यायचं, त्यातलं पुष्कळसं काळ्या समुद्राकडून हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीतून. नकाशावरचं एक घर वीस-तीस किलोमीटरचं असेल तर शहर, भिंती आणि बंदर एकाच घरात मावतात, ते तसंच मावू द्या. भिंती वेगळ्या दाखवायच्या हट्टापायी अनेक जण नकाशाचं प्रमाणच बिघडवून बसतात. अथेन्सच्या रसदीला अटी दोनच ठेवा: बंदर मोकळं हवं आणि हेलेस्पाँट मोकळा हवा. ४०५ मध्ये स्पार्टाच्या लायसँडर या सेनापतीने हेलेस्पाँटवरच्या एगोस्पोटामीला अथेन्सचं बहुतेक आरमार पकडलं आणि पुढच्या वर्षी शहर शरण आलं ते उपासमारीने. तटाला खिंडार पडलं म्हणून नव्हे. ‘राजधानी जिंकली की विजय’ ही अट त्यामुळे इथे काढूनच टाका.

स्पार्टाची फौज बारा महिने अ‍ॅटिकात तळ ठोकते

आपल्याकडे दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमा निघत. तिथे पीक तयार होण्याच्या सुमाराला स्पार्टा आणि तिचे मित्र अ‍ॅटिकात, म्हणजे अथेन्सभोवतालच्या प्रदेशात, शिरत. पहिल्या काही वर्षांतली सर्वांत लांब स्वारी सुमारे चाळीस दिवसांची होती आणि सर्वांत छोटी पंधरा दिवसांची. मित्रराज्यांच्या फौजेतले बरेचसे लोक शेतकरी, त्यांना घरची कापणी असायची. स्पार्टाला मागे, तिच्या ताब्यातल्या मेसेनियात, हेलटांची म्हणजे शेतावर राबणाऱ्या गुलामासारख्या लोकांची धास्ती असायची. म्हणून एका वर्षाची एक चाल ठेवू नका, तिच्यात ऋतूच हरवतात. महिन्याची एक चाल ठेवली तर सत्तावीस वर्षांच्या ३२४ चाली होतात आणि खेळणारा अर्ध्यातच सोडून जातो. मला उन्हाळ्याच्या दोन आणि हिवाळ्याची एक, अशा वर्षाला तीन चाली जमल्या. एकूण ८१ होतात. कापणीनंतरच्या चालीत स्पार्टाच्या फौजेने घरी परतलंच पाहिजे, नाहीतर मेसेनियात बंडाची शक्यता वाढत जाईल. अ‍ॅटिकात कायमचा तळ हा पर्याय उशिरा उघडा. अ‍ॅटिकातल्या डेकेलियाला स्पार्टाचा असा तळ ४१३ मध्ये झाला आणि त्यानंतर अथेन्समधले वीस हजारांहून जास्त गुलाम पळून गेले. म्हणजे हा तळ नुकसान करतो ते उत्पन्नाचं.

आरमार फुकटात फिरतं

मला सगळ्यात जास्त खटकणारी चूक ही. ट्रायरीम या वल्ह्यांच्या युद्धनौकेवर १७० वल्हेकरी धरून सुमारे दोनशे माणसं असत. माणशी रोज एक द्राख्मा (चांदीचं नाणं) पगार धरला तर एका जहाजाचा महिन्याचा खर्च ६,००० द्राख्मा, म्हणजे बरोबर एक टॅलेंट. शंभर जहाजं सहा महिने समुद्रात ठेवली की ६०० टॅलेंट गेले. युद्धाच्या सुरुवातीला अथेन्सला मित्रराज्यांकडून वर्षाला साधारण तेवढीच खंडणी येत होती, आणि अक्रोपोलिसवर, म्हणजे शहरातल्या किल्ल्याच्या टेकडीवर, ६,००० टॅलेंटची शिल्लक होती. हे तीन आकडे गेममध्ये जसेच्या तसे घाला आणि बघा, अथेन्स खेळणारा आपोआप अथेन्सचा नेता पेरिक्लीज याच्यासारखा सावध होतो. त्याला दूरच्या सिसिली बेटावरची मोहीम मोहात पाडते आणि तीच परवडत नाही.

जहाजांचा पल्लाही आखूड ठेवा. ट्रायरीमवर झोपायला किंवा रांधायला जागा नसायची, बहुतेक रात्री ती किनाऱ्याला लावावी लागायची. ताफ्याने चाल मित्रांच्या किनाऱ्याला संपवली नाही तर त्याचं बळ घटलं पाहिजे. एगोस्पोटामीला नेमकं तेच झालं: माणसं खाण्याच्या शोधात किनाऱ्यावर पांगलेली आणि जहाजं बहुतांशी रिकामी.

स्पार्टाचे योद्धे कारखान्यासारखे तयार होतात

पूर्ण नागरिक असलेल्या स्पार्टन लोकांची संख्या मुळात थोडी होती आणि घटत चालली होती. त्यांचं युनिट विकत घेता येऊ नये. ४२५ मध्ये स्फॅक्टेरिया बेटावर स्पार्टाच्या फौजेतले २९२ जण अथेन्सच्या हाती सापडले, त्यात सुमारे १२० असे पूर्ण नागरिक होते. पुन्हा स्वारी केलीत तर यांना ठार करू, असं अथेन्सने बजावताच दरवर्षीच्या स्वाऱ्या थांबल्या. कैद्यांसाठी वेगळा नियम लिहायला आळस करू नका.

साथ ठरलेल्या चालीला येते

४३० मध्ये अथेन्समध्ये रोगाची साथ आली हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे तारीख पक्की ठेवली की खेळणारा आधीच फौज बाहेर पाठवून देतो. साथीची शक्यता गर्दीला जोडा. खेड्यापाड्यांतले लोक जितक्या चाली भिंतींच्या आत कोंबलेले, तितका धोका जास्त. बसली तर जोरात बसू द्या. अथेन्सच्या हॉप्लाइटांपैकी, म्हणजे जड चिलखती पायदळापैकी, ४,४०० जण त्या साथीत गेले.

मित्रराज्यं मुकाट सोबत राहतात

छोट्या शहरांना नुसता रंग देऊन भागत नाही. बहुतेक शहरांत लोकशाहीवाद्यांचा गट अथेन्सकडे डोळे लावून असायचा आणि धनिकांचा स्पार्टाकडे. कॉर्सायरा बेटावर ४२७ मध्ये याच भांडणातून रक्तपात झाला. प्रत्येक शहराला निष्ठा दाखवणारा, तराजूसारखा एक काटा द्या, खंडणी वाढवली की तो सरकेल, सौम्य अटी दिल्या की उलटा सरकेल. स्पार्टाचा सेनापती ब्रासिडास याने अथेन्सच्या ताब्यातलं अँफिपोलिस शहर सौम्य अटी देऊनच मिळवलं होतं.

उत्तरार्धात स्पार्टा हात टेकते

पर्शियाचा पैसा घालायचा राहून गेलेला असतो. ४१२ पासून तो पैसा आला म्हणून स्पार्टाला आरमार पोसता आलं. पर्शियाला खेळता येणारी बाजू करू नका, तिजोरी म्हणून ठेवा. मोबदल्यात आशिया मायनरच्या किनाऱ्यावरची ग्रीक शहरं सोडून द्यावी लागतील, आणि त्याने ग्रीक मित्र बिथरतील.

सगळं बसवल्यावर दोन टेस्ट घ्या. एकीत स्पार्टाकडून फक्त अ‍ॅटिका लुटत राहा, दुसरीत अथेन्सकडून फक्त भिंतीमागे बसून राहा. पहिलीत स्पार्टा जिंकली तर रसदीचा नियम पुन्हा तपासा. दुसरीत अथेन्सची तिजोरी दहा वर्षांनंतरही भरलेलीच राहिली, तर जहाजांचा पगार कुठेतरी कापला जात नाहीये.