सोप सर्व्हिस ४१५ देतेय? आधी आवृत्ती जुळवा

डब्ल्यूएसडीएल (सर्व्हिसचं वर्णन करणारी फाइल) ब्राउझरमध्ये व्यवस्थित उघडतं, पण आपली रिक्वेस्ट गेली की ४१५ हा एचटीटीपी एरर येतो. अशा वेळी पासवर्ड आणि फायरवॉल तपासण्यात दिवस घालवू नका. कंटेंट-टाइप (मजकुराचा प्रकार सांगणारा हेडर) सर्व्हरला मान्य नाही एवढाच त्याचा अर्थ, आणि बहुतेकदा सोप (एक्सएमएल मेसेज पाठवण्याचा प्रोटोकॉल) च्या १.१ व १.२ या आवृत्त्यांची गल्लत झालेली असते.

१. डब्ल्यूएसडीएलमधल्या बाइंडिंगचा (मेसेज कसा पाठवायचा ते सांगणाऱ्या भागाचा) नेमस्पेस, म्हणजे त्याची ओळख सांगणारा यूआरएलसारखा पत्ता, पाहा. शेवटी नुसतं 'सोप' असेल तर १.१, 'सोप१२' असेल तर १.२. दोन्ही असतील तर सर्व्हिसचा पत्ताही तुम्ही निवडलेल्या बाइंडिंगच्या पोर्टचा घ्या.

२. १.१ ला कंटेंट-टाइप 'टेक्स्ट/एक्सएमएल' लागतो, शिवाय 'सोपॲक्शन' हा वेगळा हेडर, त्यातली किंमत दुहेरी अवतरणात. १.२ ला 'ॲप्लिकेशन/सोप+एक्सएमएल' लागतो. इथे वेगळा हेडर नसतो. ॲक्शन द्यायची तर त्याच ओळीत, अर्धविरामानंतर.

३. डॉटनेट फ्रेमवर्कच्या डब्ल्यूसीएफमध्ये (सर्व्हिसशी बोलायची मायक्रोसॉफ्टची लायब्ररी) 'बेसिकएचटीटीपीबाइंडिंग' १.१ पाठवतं. १.२ हवं म्हणून सरळ 'डब्ल्यूएसएचटीटीपीबाइंडिंग' लावलंत, तर मेसेज सिक्युरिटी आणि ॲड्रेसिंगचे हेडरही आपसूक सोबत येतात आणि साधी सर्व्हिस ते नाकारते. त्यापेक्षा कस्टम बाइंडिंग घ्या आणि टेक्स्ट एन्कोडिंगमध्ये मेसेज व्हर्जन 'सोप१२' ठेवा. हे सगळं कॉन्फिग फाइलमध्येच होतं.

एक जपा: रिक्वेस्ट हाताने बनवत असाल तर नुसता हेडर बदलून भागत नाही. एन्व्हलपचा (मेसेजच्या सर्वांत बाहेरच्या एक्सएमएल टॅगचा) नेमस्पेसही त्याच आवृत्तीचा हवा, नाहीतर ४१५ जाऊन 'व्हर्जनमिसमॅच' फॉल्ट येईल.