घोडा आणि ट्रेलर उभा करताना: हँडब्रेकमधली स्प्रिंग, हवा आणि दोन पाइप

हवेच्या ब्रेकची गाडी चालवणाऱ्या अनेकांना वाटतं की हवा ब्रेक लावते. पायाच्या ब्रेकपुरतं ते खरं आहे. हँडब्रेकचं मात्र उलटं आहे. तिथे ब्रेक लावते ती स्प्रिंग, आणि हवेचं काम तिला दाबून ठेवायचं. न्हावा शेव्याहून कंटेनर ओढणारा घोडा (इंजिन आणि केबिन असलेलं पुढचं वाहन) असो की यार्डात सोडून ठेवलेला नुसता ट्रेलर, तो कशावर उभा आहे, स्प्रिंगवर की हवेवर, हे आधी कळायला हवं.

घोड्याच्या मागच्या एक्सलवर जे लांबट, दुहेरी डबे दिसतात ते स्प्रिंग ब्रेक चेंबर. पुढचा अर्धा भाग पायाच्या ब्रेकचा, त्यात हवा आली की ब्रेक लागतो. मागच्या अर्ध्या भागात जाड गुंडाळीची स्प्रिंग असते. चालत्या गाडीत टाकीची हवा तिला दाबून धरते. हँडब्रेकचा दांडा ओढला की ती हवा बाहेर पडते, स्प्रिंग उलगडते, पुशरॉड नावाची दांडी ढकलते आणि तिला जोडलेल्या स्लॅक अ‍ॅडजस्टरमार्फत कॅम फिरवून लायनर (ब्रेकचं घासणारं अस्तर) चाकाच्या ड्रमला टेकवते. पाइप फुटून हवा गेली तरी हेच होतं. अमेरिकी नियमांनुसार टाकीचा दाब 20 ते 45 पीएसआयवर (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचाला पौंड; सुमारे 1.4 ते 3.1 बार) आला की पार्किंगचा व्हॉल्व्ह आपोआप सुटतो आणि स्प्रिंग लागते.

चेंबरवरचा ‘30’ हा आकडा म्हणजे डायफ्रॅमचं (हवा ज्याला ढकलते त्या रबरी पडद्याचं) क्षेत्रफळ, चौरस इंचांत. 30 चौरस इंचांवर 100 पीएसआय दाब आला की 3000 पौंड, म्हणजे साधारण 1360 किलो जोर. स्प्रिंगचा जोर इतका स्थिर नसतो. ती जितकी जास्त उलगडते तितकी ढिली पडते. पुशरॉडचा प्रवास, म्हणजे ती बाहेर सरकते ते अंतर, जरा जास्त असला तरी पायाचा ब्रेक बरा लागतो, पण त्याच चाकाचा हँडब्रेक तोवर बराच कमजोर झालेला असतो. ‘पायाचा ब्रेक मस्त आहे, मग चढावर गाडी का सरकते?’ याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

प्रवास कसा मोजायचा

सपाट जागा बघा, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, हँडब्रेक सोडा. टाकीत 90 ते 100 पीएसआय (6 ते 7 बार) हवा ठेवून इंजिन बंद करा. पुशरॉडवर चेंबरच्या तोंडाशी खडूने खूण करा. दुसऱ्या माणसाने पायाचा ब्रेक पूर्ण दाबून धरायचा, तुम्ही खूण किती पुढे गेली ते मोजायचं. साध्या 30 नंबरच्या चेंबरला एकूण प्रवास अडीच इंच असतो आणि 2 इंचांवर गेला की दुरुस्ती हवी. लाँग स्ट्रोक (जास्त प्रवासाच्या) चेंबरचे आकडे वेगळे असतात, त्यांना हे माप लावू नका.

हाताने फिरवायचा स्लॅक अ‍ॅडजस्टर असेल तर लायनर ड्रमला टेकेपर्यंत बोल्ट आवळा, मग पाव ते अर्धा फेरा मागे घ्या. हँडब्रेक ओढलेला असताना हे करायचं नाही, लायनर आधीच टेकलेला असतो आणि माप खोटं येतं. ऑटो अ‍ॅडजस्टर असून प्रवास वारंवार वाढत असेल तर हाताने आवळणं ही मलमपट्टी झाली. क्लेव्हिस पिन (पुशरॉडच्या टोकाची जोडखीळ), कॅमची बुश आणि अ‍ॅडजस्टर स्वतः तपासा.

ट्रेलरचं काय

ट्रेलरला दोन पाइप जातात. लाल पाइप सतत हवा पुरवतो, पिवळा पाइप ब्रेक दाबल्याची खबर नेतो. लाल पाइप सुटला की रिले इमर्जन्सी व्हॉल्व्ह ट्रेलरच्या स्वतःच्या टाकीतली हवा ब्रेकला देतो आणि ट्रेलर जाम होतो. पाहणाऱ्याला वाटतं पार्किंग लागलं. पण तो ब्रेक हवेवर आहे, आणि हवा हळूहळू गळते. ट्रेलरच्या एक्सलवर स्प्रिंग चेंबर असतील तर दाब उतरल्यावर ते सांभाळून घेतात. जुन्या ट्रेलरांना ते असतीलच असं नाही. नसतील तर ठोकळ्याशिवाय सोडलेला ट्रेलर उतारावर काही तासांनी निघू शकतो.

ज्या ट्रेलरला बाजूला दोन बटणं असतात, त्यात लाल बटण पार्किंगचं. बाहेर ओढलं की स्प्रिंग लागते, आत दाबलं की सुटते. काळं बटण यार्डात पाइप न लावता ट्रेलर हलवण्यासाठी. ते आत दाबलं की लाल पाइप सुटल्यामुळे लागलेला ब्रेक सुटतो. ही दोन बटणं गोंधळात टाकली तर पार्किंग लावायला गेलेला माणूस ब्रेक सोडून बसतो.

केबिनमधला ट्रेलर ब्रेकचा स्वतंत्र दांडा पार्किंगला वापरू नका. तोही हवेवरच चालतो.

जोडणं आणि सोडणं

जोडताना पहिलं काम घोड्याचा हँडब्रेक, दुसरं ट्रेलरचं लाल बटण बाहेर आहे ना ते बघणं. किंगपिन (ट्रेलरच्या पुढच्या भागाखालची खीळ) फिफ्थ व्हीलमध्ये (घोड्यावरच्या जोडतबकडीत) अडकली की पहिल्या गिअरमध्ये दोनदा हलका झटका देऊन लॉक तपासा. मग इंजिन बंद करून हँडब्रेक ओढा आणि पाइप लावा: आधी पिवळा, शेवटी लाल. लाल लागताच ट्रेलरच्या टाकीत हवा जाते आणि आपोआप लागलेला ब्रेक सुटतो. त्या क्षणी घोड्याचा हँडब्रेक सुटलेला असेल आणि लाल बटणही आत असेल तर अख्खी जोडी चालायला लागते, आणि पाइप लावणारा माणूस केबिन आणि ट्रेलरच्या मधे उभा असतो.

सोडताना क्रम उलटा: आधी लाल, मग पिवळा. पण त्याआधी ट्रेलरचं पार्किंग लावून, ठोकळे ठेवून, लँडिंग लेग (ट्रेलरचे पुढचे टेकू) खाली घेतलेले असावेत. जमीन मऊ असेल तर लेगखाली फळी टाका.

काही घोड्यांत हँडब्रेकचा दांडा पार्किंगच्या जागी नेला की ट्रेलरचा पायाचा ब्रेकही हवेने लागतो. अशा दांड्याला पुढे एक तपासणीची जागा असते: तिथे दाबून धरला की ट्रेलरचा ब्रेक सुटतो आणि फक्त घोड्याच्या स्प्रिंगवर सगळा भार येतो. गाडी तिथे सरकली तर रात्रभर उभी ठेवायच्या लायकीची नाही, दांडा सोडून जागा बदला.

आवाजावरून दोष

हँडब्रेक सुटलेला असताना चेंबरमधून फुसफुस येते? स्प्रिंगच्या बाजूचा डायफ्रॅम गेला. फक्त पाय दाबल्यावर येते? पायाच्या बाजूचा. स्प्रिंग तुटली असेल तर तिचं टोक कधी कधी डायफ्रॅमही भोसकतं. चेंबरच्या मागच्या भोकाचं रबरी बूच हरवलं असेल तर पाणी आणि चिखल थेट स्प्रिंगवर जातो. उरणच्या खाऱ्या हवेत हे बूच नसलेला चेंबर गंजायला फार वेळ घेत नाही. बूच स्वस्त आहे, चेंबर नाही.

कसारा किंवा खंबाटकी उतरून आल्यावर ड्रम तापलेले असतात. त्यावर लगेच हँडब्रेक ओढून झोपलात तर ड्रम थंड होताना आकसतो, लायनरवर घट्ट बसतो, आणि सकाळी ब्रेक सुटत नाही. ड्रमला तडाही जाऊ शकतो. सपाट जागा असेल तर ठोकळे लावून थांबा, धग उतरल्यावर दांडा ओढा. हँडब्रेक लागलेला असताना पायाचा ब्रेक जोरात दाबायची सवयही सोडा. त्यासाठी वेगळा व्हॉल्व्ह नसेल तर स्प्रिंग आणि हवा दोन्हींचा जोर एकत्र होऊन स्लॅक अ‍ॅडजस्टर आणि कॅमवर पडतो.

हवा नसताना गाडी हलवायची असेल

आधी ठोकळे. मग बूच काढा, चेंबरच्या बाजूच्या खोबणीतला बोल्ट भोकात घाला, पाव फेरा फिरवून अडकवा आणि नट पान्याने हाताने आवळा. इम्पॅक्ट गन नको. बोल्ट अडीच ते तीन इंच बाहेर आला की स्प्रिंग दबते. त्या चाकाला आता पार्किंग नाही. केबिनमध्ये चिठ्ठी लावा, आणि दुरुस्तीनंतर बोल्ट आठवणीने काढा. स्प्रिंगच्या बाजूचा क्लॅम्प कधीही उघडू नका, आत दबलेला जोर टनाच्या आसपासचा असतो. भंगारात द्यायचा चेंबरही तसाच देऊ नका. आधी माहितगार मिस्त्रीकडून स्प्रिंग निकामी करून घ्या, नाहीतर कापणाऱ्याच्या गॅस कटरखाली ती सुटते.