"मस्त आहे गो, वाच" एवढंच सांगू नका : प्रेमकथा दुसऱ्याला कशी सुचवायची

गोव्यात फोंड्याला आमची शनिवारची बैठक असते, नऊ जणी, सगळ्यात धाकटी एमेस्सीला आहे आणि सगळ्यात मोठ्या काकी म्हणजे निवृत्त शिक्षिका. व्यसन सगळ्यांचं एकच, प्रेमकथा. इंग्रजी मराठी दोन्ही फिरतात, कोण किंडल आणते, कोण स्टोरीटेल कानात लावून खोबरं किसता किसता ऐकते, आणि मग चहा घेत घेत कोणी काय वाचलं ते सांगायचं. पहिलं वर्षभर हे सांगणं म्हणजे काय, तर "मस्त आहे गो, वाच" किंवा "किती गोड आहे". बस्स. मग ते घरी न्यायचं आणि चाळीस पानांत डोकं फिरायचं, कारण तिचं मस्त वेगळं आणि माझं मस्त वेगळं. धडपडत धडपडत जरा रीत बसली आता, ती लिहून ठेवते, तुम्ही दोघीच मैत्रिणी असलात तरी चालेल.

पहिल्यांदा "मस्त" हा शब्दच बंद करा. आमच्याकडे जी म्हणेल ती पुढच्या शनिवारी भजी आणते. त्याऐवजी तीन गोष्टी सांगायच्या, कोण दोघं आहेत, त्यांच्या मध्ये काय आडवं येतंय आणि वाचताना आपलं काय होतं. म्हणजे असं, "दोघं एकाच ऑफिसात, ती चिडकी तो हसरा, आजीला बरं वाटावं म्हणून खोटा साखरपुडा करतात, पहिली शंभर पानं बसमध्ये एकटीच हसत होते, मधे जरा लांबवलंय." एवढ्यात ऐकणारीला कळतं की हे आपलं की नाही. कथानक सगळं सांगत बसू नका, आमच्या एका वहिनींना ती सवय होती, पहिल्या पानापासून सुरू करायच्या आणि चहा थंड व्हायचा, शेवटी पुस्तक वाचायची गरजच उरायची नाही.

ज्यांना इंग्रजीत ट्रोप म्हणतात ती ठरलेली वळणं, ती बिनधास्त सांगा. लोकांना वाटतं "हे तेच तेच आहे" म्हणणं म्हणजे पुस्तकाचा अपमान. अजिबात नाही, रोमान्स वाचणारी बाई वळण बघूनच पुस्तक उचलते, जसं मासळी बाजारात आपण आधी ठरवून जातो की आज बांगडा. आम्ही आमची नावं पाडलीत. आधी भांडण मग प्रेम हे सगळ्यांना कळतंच. खोटं लग्न. जुनं प्रेम परत भेटलं. आणि दोघं नाइलाजाने एका जागी अडकतात, हॉटेलात एकच खोली शिल्लक, त्यात एकच खाट, त्या प्रकाराला आम्ही "फेरी चुकली" म्हणतो, कारण रात्री दिवाडी बेटावरून शेवटची फेरीबोट चुकली की दुसरं काय होणार. परवा धाकटीने नुसतं "फेरी चुकली आहे, शिवाय दोघं पूर्वीचे नवराबायको" असं सांगितलं आणि तीन जणींनी एकदम हात वर केले.

आता शेवटाचं. इथे माझं मत ठाम आहे आणि त्यावरून भांडणं पण झालीत. रोमान्समध्ये दोघं एकत्र येतात हे सांगणं म्हणजे स्पॉयलर नाही. अमेरिकेत रोमान्स लिहिणाऱ्यांची संघटना आहे, रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका, त्यांच्या व्याख्येतच दोन गोष्टी आहेत, प्रेमकथा मध्यवर्ती पाहिजे आणि शेवट समाधान देणारा, आशा ठेवणारा पाहिजे. म्हणजे गोड शेवट हा त्या जातीचा नियमच आहे, प्रश्न फक्त कसे एकत्र येतात एवढाच. उलट शेवट गोड नसेल आणि तुम्ही सांगितलं नाही तर ती फसवणूक. आपल्या मराठीत हे जास्त सांभाळायला लागतं कारण पुस्तकावर रोमान्स असं लिहिलेलं क्वचित असतं, कौटुंबिक, सामाजिक असलं काहीतरी असतं, आणि प्रेमकथा म्हणून घेतलं तर शेवटी तो मरतो किंवा ती त्याग करते. वाईट पुस्तक असतं असं नाही हां, मी पण रडून रडून वाचलीत असली, पण मग सांगताना "प्रेम आहे, पण शेवट रडका" एवढे चार शब्द टाका की. कशामुळे रडका ते नको.

मग तिखटाचं, म्हणजे शृंगार किती. ह्यावर सगळ्यात जास्त घोटाळे होतात कारण आजकाल कव्हरवर कार्टून असतं, गुलाबी आकाश, दोन कॉफीचे कप, आणि आत मात्र भलतंच. मी एकदा असंच कव्हर बघून काकींना एक पुस्तक दिलं, स्वतः पन्नासच पानं वाचली होती, हा माझाच गाढवपणा. त्यांनी ते जत्रेला माहेरी गेल्या तिथे सोप्यावर बसून वाचायला काढलं, आणि भाचीने मागून डोकावून मोठ्याने वाचायला सुरवात केली. काकी काही बोलल्या नाहीत, पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून परत दिलं आणि म्हणाल्या, "पुढचा भाग असला तर सांग, पण आधी सांग."

तेव्हापासून आमची मापं ठरली, आमच्या गोव्याच्या जेवणातल्या तिखटावरून. सोलकढी म्हणजे फार तर हात धरतात, कोणालाही द्या. हुमण म्हणजे चुंबन वगैरे आहे पण पुढे दार बंद होतं. शागुती म्हणजे दार उघडंच राहतं. आणि रेशाद म्हणजे कव्हर घालून वाचा. एका शब्दात काम होतं आणि कोणाला लाजायला लागत नाही. तिखट खाणारी चांगली का न खाणारी चांगली हा वाद मात्र घालायचा नाही. आपल्याकडे तो वाद कोर्टापर्यंत जाऊन आलाय, लेखक चंद्रकांत काकोडकरांची श्यामा ही कथा १९६२ च्या रंभा दिवाळी अंकात आली त्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९६९ साली सुप्रीम कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं. आडनाव बघा, आमच्या गोव्यातल्या काकोड्याचं, त्यामुळे हा किस्सा आमच्याकडे जरा जास्तच अभिमानाने सांगतात. सुप्रीम कोर्टापर्यंत पायऱ्या चढून जे ठरलं ते आपण चहाच्या कपावर परत कशाला उकरायचं.

आता जरा नाजूक. पुस्तकात मारहाण, गर्भपात, आईबापाचं आजारपण, जबरदस्ती असलं काही असेल तर ते आधी सांगायचंच, आणि सगळ्यांसमोर नाही, एकटीला गाठून. का, तर आमच्यातल्या एकीला मी हलकंफुलकं म्हणून एक पुस्तक दिलं, आणि मध्यावर नायिकेचं मूल पोटातच जातं. तिचं तेच झालं होतं आदल्या वर्षी. मला माहीत होतं आणि पुस्तक देताना आठवलंच नाही, कारण मला त्या पुस्तकातलं फक्त समुद्रकिनाऱ्यावरचं भांडण आठवत होतं. ती दोन शनिवार आली नाही. म्हणून सांगते, पुस्तक देण्याआधी दोन मिनिटं डोळे मिटून ते पहिल्यापासून आठवायचं, आणि कोणाला देतोय तो चेहरा समोर आणायचा. कॉलीन हूव्हरचं २०१६ चं ते गाजलेलं पुस्तक, इट एंड्स विथ अस, ज्यावर २०२४ ला सिनेमा आला, ते कितीतरी जणींनी नुसती लव्हस्टोरी समजून उचललं आणि आत घरातल्या मारहाणीची गोष्ट निघाली. पुस्तकाने लपवलं असं मी म्हणणार नाही, पण देणारीने एक वाक्य बोलायला काय जातं.

ह्या बाबतीत जुने मिल्स अँड बूनवाले हुशार. १९०८ ला लंडनमध्ये सुरू झालेली कंपनी, प्रेमकथांवर जोर नंतर दिला, आणि पुढे त्यांनी पुस्तकांच्या वेगवेगळ्या माळाच पाडल्या, डॉक्टर-नर्सवाली वेगळी, ऐतिहासिक वेगळी. माळेचं नाव बघितलं की साधारण काय मिळणार ते कळतं. नाकं मुरडणारे मुरडोत, पण वाचकाला काय हवं ते आधी विचारायचं ही अक्कल त्यांच्याकडे होती.

नाही आवडलं तर कसं सांगायचं? किती वाचलं ते आधी सांगा. साठ पानांवर सोडलं तर "साठ पानांवर सोडलं" म्हणा, पूर्ण वाचल्यासारखं मत ठोकू नका. आणि पुस्तकाला बोला, वाचणारीला नको. "ह्यात नायक तिचा फोन तपासतो आणि लेखिकेला ते प्रेम वाटतं, मला चीड आली" हे झालं मत. "तुला असलं कसं गो आवडतं" हे मत नाही, हे टोमणा मारणं. आमच्याकडे ड्रॅगन, जादू आणि प्रेम असल्या रोमँटसीवरून दोन गट आहेत, मी दुसऱ्या गटात, मला त्या नकाशे आणि घराण्यांची नावं लक्षात ठेवायचा कंटाळा येतो, पण मी तेवढंच बोलते, "मला नावं लक्षात राहत नाहीत." तरी धाकटी रागावते ते वेगळं. खरं सांगायचं तर नऊ जणींना एकसारखं आवडलेलं पुस्तक असेल तर त्या शनिवारी बोलायला काहीच नसतं, सगळ्या लोणच्याच्या रेसिपीवर जातात.

मोबाईलवर प्रतिलिपीसारख्या ठिकाणी भागाभागाने येणाऱ्या कथा सुचवत असाल तर एकच विचारा स्वतःला, संपली आहे का. मी एक कथा एकशे बारा भाग वाचली, साखरपुड्याला आणून लेखिका गायब. इंग्रजी मालिकांचं तसंच, पहिल्या पुस्तकात दोघांचं जुळतं का तिसऱ्यापर्यंत लोंबकळायचं ते सांगून द्या.

लक्षात राहण्यासाठी वही करा. आमची शंभर पानी साधी वही आहे, प्रत्येक पुस्तकाला चार ओळी, कोणी सुचवलं, वळण कुठलं, तिखट किती, आणि "कोणाला देऊ नये". ती चौथी ओळ सगळ्यात उपयोगी. कोणाच्या चार ओळी आपल्याशी जुळतात ते पाच-सहा पुस्तकांत कळतं, मला आता माहीत आहे की काकींनी "संथ" लिहिलं की मी ते पुस्तक डोळे मिटून न्यायचं, आणि धाकटीने "हार्टब्रेक" लिहिलं की एक दिवस रजा टाकायची.

पुस्तकं विकतच घ्यायला पाहिजेत असं नाही, पणजीला पाट्टोवर आपली कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररी आहे, १८३२ पासूनची संस्था, माझं कार्ड आहे आणि कदंब बसमधून उतरलं की चालत जाता येतं. फक्त लायब्ररीचं पुस्तक बैठकीत फिरवू नका, एकीचं कार्ड आणि नऊ जणींचा उशीर, दंड कोण भरणार यावरून मैत्री तुटते.

आणि पावसाळ्यात पुस्तक देताना प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्या, नुसतं कापडी पिशवीत नको. जूनमध्ये दिलेलं माझं एक पुस्तक चवथीला परत आलं तेव्हा बुरशीने फुगून दुप्पट झालं होतं आणि नेमकं शेवटचं प्रकरण चिकटलेलं. नेणारी म्हणाली, "मला शेवट कळला नाही, पण तू म्हणालीस गोड आहे, म्हणून बरं वाटलं."