सेझेमान, सेझेमानास, सेझेमानो: एका आडनावामागे गेलेलं दीड वर्ष

लिथुआनियातल्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकावर पीएचडी करतेय म्हटलं की स्टाफरूममधला जाणकार लगेच म्हणतो, ‘म्हणजे लेविनास ना?’ नाही. लेविनास हा नावाजलेला तत्त्वज्ञ जन्मला लिथुआनियातल्या काउनास शहरात, पण १९२३ साली शिकायला स्ट्रासबूर्गला गेला आणि त्याची कारकीर्द घडली फ्रान्समध्ये. माझा माणूस त्याच १९२३ साली काउनासमध्ये आला. वासिली सेझेमान.

नेट-सेट, कोर्सवर्क, सहामाही अहवाल यांबद्दल मी काही सांगत बसत नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. लिथुआनियन, लाटव्हियन असा आडवाटेचा विषय घेणाऱ्यांसाठी हे लिहितेय. तासिका तत्त्वावर शिकवत, रात्री स्कॅन केलेली पानं चाळत मी जे भोगलं, ते तुम्ही भोगू नये.

आधी माणूस थोडक्यात. जन्म १८८४, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातलं व्हीबोर्ग. शिक्षण पीटर्सबर्गला, मग जर्मनीत मारबुर्गला कोहेन आणि नाटोर्प या तत्त्वज्ञांकडे. जर्मन तत्त्वज्ञ निकोलाय हार्टमान हा त्याचा जुना मित्र. क्रांतीनंतर रशिया सुटला. विल्नियस, लिथुआनियाची आजची राजधानी, तेव्हा पोलंडच्या ताब्यात होतं, म्हणून लिथुआनियाने काउनासमध्ये १९२२ साली नवं विद्यापीठ काढलं. तिथे तो एकोणचाळिसाव्या वर्षी रुजू झाला, भाषा येत नसताना. पण शिकला, आणि लिथुआनियनमध्ये तर्कशास्त्रावर, ज्ञानमीमांसेवर लिहू लागला. तत्त्वज्ञानाची परिभाषा त्या भाषेत तेव्हा घडत होती, ती घडवणाऱ्यांत हाही होता. १९४० मध्ये तो विल्नियसला गेला. १९४३ मध्ये जर्मनांनी तिथलं विद्यापीठ बंद केलं. १९५० मध्ये सोव्हिएत राजवटीने त्याला अटक करून सैबेरियात ताइशेतच्या छावणीत पाठवलं. तेव्हा त्याने पासष्टी गाठली होती. १९५६ मध्ये सुटून आला आणि पुढे विल्नियस विद्यापीठात पुन्हा शिकवू लागला. अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘आत्म्याविषयी’चा त्याचा लिथुआनियन अनुवाद १९५९ मध्ये निघाला. १९६३ मध्ये वारला.

आता खड्डा, ज्यात मी दीड वर्ष पडले होते.

या एका माणसाची तीन नावं आहेत. जर्मन लेखांवर तो विल्हेल्म, आणि आडनावात मधे एस, शेवटी दोन एन. रशियनमध्ये वासिली, तिथे लिपीच वेगळी. लिथुआनियनमध्ये वोसिलियस सेझेमानास, मधे झेड, शेवटी ‘आस’. मी पहिले नऊ महिने जर्मन स्पेलिंगवरच शोधत राहिले. जे मिळालं त्यावरून अहवालात बिनधास्त लिहून टाकलं की ‘साहित्य अत्यल्प उपलब्ध आहे’. आज ते पान बघवत नाही.

मग लिथुआनियन नाव कळलं. आता सुटलो असं वाटलं. पण खरा खड्डा पुढेच होता. लिथुआनियनमध्ये विशेषनामही विभक्तीत बदलतं. कर्ता असेल तेव्हा ‘सेझेमानास’, पण ‘सेझेमानासचं व्याख्यान’ म्हणायचं तर ‘सेझेमानो’. ‘सेझेमानासला’ म्हणजे ‘सेझेमानुइ’. पहिलं नावही बदलतं, ‘वोसिलियस’चं ‘वोसिलियाउस’ होतं. संबोधन धरून सात विभक्ती. आणि विचार करा, एखाद्याविषयी लिहिताना त्याचं नाव बहुतेक वेळा षष्ठीतच येतं: अमुकचं पुस्तक, अमुकचा सिद्धान्त, अमुकची अटक. म्हणजे मला हवी ती पानं नेमकी त्या रूपात होती जे मी टाइपच करत नव्हते.

तुम्ही मराठीत ‘माणूस’ शोधलात तर ‘माणसाने’ सापडेल का? नाही. शाळेत सामान्यरूपं घोकलेल्या बाईला हे सुचायला दीड वर्ष लागलं, आणि तेही स्वतःहून नाही सुचलं, तिथल्या एका ग्रंथपालाने मेलवर सांगितलं.

म्हणून शोधताना शेपूट कापा. ‘आस’ टाइप करू नका, ‘सेझेमान’ हे मूळ अंगच टाइप करा. झेडवालं एकदा, एसवालं एकदा, रशियन लिपीत एकदा. पहिल्या नावाचं आद्याक्षर व्ही आणि डब्ल्यू, दोन्ही बघा. गावांचंही तेच: विल्नियस म्हणजेच विल्नो, विल्ना, काउनास म्हणजेच कोव्नो. त्या काउनासच्या विद्यापीठाचं नावसुद्धा १९३० मध्ये बदलून विताउतास माग्नुस झालं, तेव्हा १९२८ चा कागद नव्या नावाखाली शोधू नका. ही सगळी रूपं वहीत पहिल्या पानावर लिहा. वहीतच. फोनमध्ये लिहिलेलं मी तरी परत कधी उघडत नाही.

‘लिथुआनियन संस्कृतची बहीण, तुला सोपी जाईल’ असं सांगणारे भेटतील. ‘सूनुस’ म्हणजे मुलगा, ‘उग्निस’ म्हणजे अग्नी, ‘दूमास’ म्हणजे धूर, ऐकायला गोड वाटतं. पण वर्तमानपत्राचं एक पान वाचायलाही हे पुरत नाही. मशीनचं भाषांतर चालेल, मात्र आधी पान सापडायला हवं.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत थोडं कडू आहे. ज्यांना तुमची भाषा येत नाही ते चालतील. ‘हो हो, पुढे जा’ म्हणून न वाचता सही करणारे नकोत. माझ्या त्या ‘अत्यल्प’ शब्दाखाली कोणी एक प्रश्नचिन्ह काढलं असतं तरी माझे काही महिने वाचले असते.

पण घाबरू नका. कापलेल्या शेपटाने पहिल्यांदा शोधलं त्या रात्री जे मिळालं, ते आधीच्या दीड वर्षापेक्षा जास्त होतं. इतका वेळ आपण करत काय होतो, या विचाराने रडूही आलं, ते वेगळं.

आणि तिथल्या प्राध्यापकांना मेल करताना ‘प्रोफेसोरियुस’ लिहू नका, ती प्रथमा आहे, तिथे संबोधन लागतं. मी लिहिलं होतं. उत्तर आलं एका शब्दाचं: ‘प्रोफेसोरियाउ’. खाली सोबत चाळीस पानांचं स्कॅन.