हॉटेलच्या एकाच खोलीत तान्हुल्यापेक्षा थोड्या मोठ्या मुलासह राहताना
महाबळेश्वरला दीड-दोन वर्षांच्या मुलासह मुक्कामाला गेल्यावर सामान उघडण्याआधी जमिनीवर बसून मुलाच्या उंचीवरून खोली पाहावी, म्हणजे पलंगामागचे प्लग, चहाच्या किटलीची लोंबती वायर आणि बाल्कनीची सैल कडी नजरेस पडते. पलंग भिंतीला सरकवल्यास मधे फट राहू देऊ नये. खरी कसोटी झोपेची असते. घरची वापरलेली चादर मुद्दाम न धुता न्यावी, कारण माझ्या मते ओळखीच्या वासाने मूल नव्या जागीही लवकर स्थिरावते. ते झोपल्यावर खोलीतले दिवे मालवून न्हाणीघराचा दिवा तेवढा चालू ठेवावा, दार किंचित उघडे ठेवावे आणि मोठ्यांनी हळू आवाजात बोलावे. दिवसा माकडे बाल्कनीत येतात, म्हणून मुलाचा खाऊ बंद डब्यात आतच ठेवावा.